पिल्लांची राखण

श्रावणातला रविवार होता. सकाळचा चहा घेऊन मी वर्तमानपत्र उघडतो न उघडतो तोच पुतण्याची आठ वर्षांची मुलगी, म्हणजे नात्याने माझी नातच, धावत आली आणि हात धरून मला बाहेरच्या खोलीत घेऊन गेली. तेथे एका भक्कम मेजावर तिच्या वाढदिवसाला घेतलेली माशांची काचेची टाकी आहे. दोन फूट लांब, एक फूट रुंद, सुमारे ६० लिटर पाण्याची. "आजोबा, पिल्लं झाली! नऊ आहेत. मी दोनदा मोजली." चष्मा लावून मी वाकून पाहिले. काचेच्या कडेला, पाण्याच्या पृष्ठभागालगत, जिऱ्याच्या दाण्याएवढे नऊ जीव थरथरत होते. अंगाला रंग असा नव्हताच. दिसत होते ते फक्त डोळे.

दुपारी एका स्नेह्यांकडून सत्यनारायणाचा प्रसाद घेऊन परतलो, तेव्हा ती टाकीसमोर गुडघ्यांवर हनुवटी टेकून बसली होती. "एकच उरलंय," ती म्हणाली. थोडा वेळ थांबून पुढे म्हणाली, "आणि आजोबा, मी पाहिलं. त्यांच्या आईनंच खाल्ली."

मी तीस वर्षे शिक्षकी पेशात आहे. 'माझी आई' या विषयावरील निबंध आजवर किती तपासले, याची गणती नाही. त्या निबंधांतून आईची जी मूर्ती आपण मुलांच्या मनात घडवितो, तिला त्या दुपारी तडा गेला होता. मला उत्तर सुचले नाही. "उद्या सांगतो," असे म्हणून वेळ मारून नेली आणि मग त्या प्रश्नाच्या मागे लागलो. या वेळचे आपले हितगुज त्या शोधाविषयी, आणि त्या शोधात माझ्या हातून घडलेल्या एका चुकीविषयी आहे.

गप्पी, मॉली, प्लॅटी आणि स्वोर्डटेल हे चार मासे घरोघरच्या टाक्यांत दिसतात. ते काटक असतात, स्वस्त असतात, आणि त्यांचे वैशिष्ट्य असे की ते अंडी घालीत नाहीत; पोहती पिल्ले देतात. मात्र गाय-म्हैस जशी जरायुज, तसे हे नव्हेत. मादीच्या पोटात अंडीच असतात. ती तेथेच फलित होतात, आतल्या बलकावर गर्भ प्रामुख्याने पोसला जातो आणि पूर्ण वाढ झाल्यावर पिल्लू बाहेर येते. शास्त्रात यांना अंडजरायुज म्हणतात. गप्पीच्या मादीला साधारणपणे दर चार आठवड्यांनी पिल्ले होतात. एका वेळी वीस ते चाळीस ही नेहमीची संख्या; मादी मोठी असली तर अधिकही. आणखी एक नवलाची गोष्ट म्हणजे एकदा नराशी संग झाला की त्याचे बीज ती कित्येक महिने अंगात साठवून ठेवू शकते. दुकानातून एकटीच मादी आणली आणि तरीही पिल्ले झाली, तर चमत्कार झाला असे समजू नये.

पिल्लू जन्मले की आईचे काम संपले. पक्ष्याप्रमाणे चारा भरविणे नाही, मांजरीप्रमाणे तोंडात धरून फिरविणे नाही. आपले पिल्लू ओळखण्याची सोय निसर्गाने या मातेला दिलेलीच नाही. तिच्या डोळ्यांपुढे पाण्यात काही बारीक हलले, की ते तिचे अन्न. भूक असेल तर ती झडप लवकर घालील, पोट भरलेले असेल तर काहीशी उशिरा. एवढाच काय तो फरक. तिच्यात माया नाही हे खरे, पण म्हणून क्रौर्यही नाही. ते शब्द आपले; तिच्या जगात त्यांना जागा नाही.

मग हा वंश टिकला कसा? त्यासाठी या माशाच्या मूळ गावी जावे लागते. गप्पी हा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातला आणि शेजारच्या त्रिनिदाद बेटावरचा रहिवासी. विल्हेल्म पीटर्स या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने १८५९ साली व्हेनेझुएलातील माशांवरून त्याचे प्रथम शास्त्रीय वर्णन केले. पुढे त्रिनिदादहून रॉबर्ट जॉन लेचमेअर गप्पी या गृहस्थांनी काही नमुने लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठविले, आणि १८६६ साली तेथील अल्बर्ट गुंथर यांनी त्यांचे नाव माशाला दिले. शास्त्रीय नावात पीटर्सचा मान राहिला, लोकांच्या तोंडी मात्र गप्पीच बसला. हे गप्पी महाशय त्रिनिदादमधील शाळांचे मुख्य निरीक्षक होते. निरीक्षक म्हटले की आम्हा मुख्याध्यापकांच्या पोटात गोळा येतो. परंतु शाळा तपासता तपासता ओढ्यातले मासेही पाहणारा हा निरीक्षक मला एकदम आपला वाटला.

त्रिनिदादच्या डोंगरी ओढ्यांत या माशाचे दोन प्रकारचे संसार आढळतात. धबधब्यांच्या खाली मोठे शिकारी मासे असतात. तेथील गप्पी लवकर वयात येतात आणि पुष्कळ, पण लहान पिल्ले देतात. धबधब्यांच्या वर शिकारी थोडे. तेथील गप्पी उशिरा वयात येतात आणि मोजकी, पण मोठी पिल्ले देतात. १९७६ साली जॉन एंडलर या शास्त्रज्ञाने अरिपो नदीतील खालचे काही गप्पी वरच्या, मोठे शिकारी मासे नसलेल्या उपओढ्यात नेऊन सोडले. डेव्हिड रेझनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकरा वर्षांनंतरची त्यांच्या वंशजांची स्थिती १९९० साली प्रसिद्ध केली. ते वंशज वरच्या माशांसारखेच, उशिरा वयात येणारे आणि थोडी पण मोठी पिल्ले देणारे झालेले होते. जेथे घास करणारे अधिक, तेथे संख्या वाढवायची. जेथे धोका कमी, तेथे एकेकाला अधिक शिदोरी देऊन पाठवायचे. या माशांच्या जातीचे वात्सल्य म्हणायचेच तर ते असे हिशेबात आहे. शिवाय ओढ्याला कडेचा उथळ काठ असतो, झाडांची मुळे असतात, दगडांच्या फटी असतात. आपल्या टाकीला चार उघड्या काचा असतात आणि पळून जायला कोठेही जागा नसते. पिल्ले मोठ्या माशांच्या तोंडी पडतात याचे खापर आईवर फोडण्यापूर्वी ती उघडी टाकी मांडणाऱ्याने स्वतःकडे पाहावे.

हे सारे मी नातीला तिच्या भाषेत सांगितले. तिने ऐकून घेतले आणि व्यवहाराचा प्रश्न विचारला, "मग पुढच्या वेळी आपण काय करायचं?"

येथे माझी चूक झाली. मी बाजारात गेलो आणि 'ब्रीडिंग बॉक्स' या नावाने मिळणारी प्लॅस्टिकची पारदर्शक डबी घेऊन आलो. ती टाकीतच तरंगत राहते. मादीला तीत ठेवायचे. पिल्ले जन्मली की तळाच्या फटीतून खालच्या कप्प्यात उतरतात आणि आईचे तोंड तेथे पोहोचत नाही. कल्पना उत्तम आहे. परंतु दिवस भरल्याची लक्षणे मला कळत नव्हती. पोट मोठे दिसले म्हणून गौरीच्या आगमनाच्या दिवशी मी त्या मादीला डबीत घातले आणि सुरक्षित केले, असे समजून निश्चिंत झालो. ओंजळभर पाण्याची ती जागा. पहिले दोन दिवस ती भिंतींना धडका देत राहिली. नंतर एका कोपऱ्यात स्थिर झाली. मला वाटले, रुळली. नवव्या दिवशी खालच्या कप्प्यात पाच पिल्ले मिळाली; पाचही मेलेली, पोटाला बलकाची पिशवी तशीच लागलेली, म्हणजे अपुऱ्या दिवसांची. दुसऱ्या दिवशी सकाळी मादीही गेली.

मोगऱ्याच्या कुंडीत आम्ही त्यांना पुरले. नात रडली नाही. पण पुढे आठवडाभर ती टाकीसमोर बसलीही नाही. मासे खायला घालायचे काम तिचे होते, ते मी करीत असे. श्रावणातल्या त्या रविवारी पिल्ले गेली होती, पण आई जिवंत होती. या वेळी मी राखण करायला गेलो आणि दोन्ही गेली. तिने मला दोष दिला नाही, याचेच मला अधिक वाईट वाटले.

त्यानंतर जाणत्यांना विचारून, पुस्तके चाळून आणि मुख्य म्हणजे रोज पाहून जे शिकलो, ते आता सांगतो. त्याचे सार एका वाक्यात असे की कोंडणे म्हणजे राखणे नव्हे; राखणे म्हणजे लपायला जागा देणे.

पहिली गोष्ट, दिवस ओळखणे. गाभण मादीच्या पोटाच्या मागच्या टोकाशी, गुदद्वारानजीक, एक काळसर डाग असतो. दिवस भरत येतात तसा तो मोठा आणि गडद होतो. फिकट रंगाच्या मादीत तर आतील पिल्लांचे डोळे ठिपक्यांसारखे दिसू लागतात. पोट आधी गोल असते, शेवटी ते पुढून चौकोनी झाल्यासारखे वाटते. मादी खाणे कमी करते, कळपापासून दूर एखाद्या कोपऱ्यात थांबते. मागील बाळंतपणाची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर टिपून ठेवली, की अंदाज बराचसा बरोबर येतो.

दुसरी गोष्ट, झाडी. नवजात पिल्लू जन्मताच वर, पृष्ठभागाकडे धाव घेते. म्हणून दाटी वरच्या अंगाला हवी. हायड्रिलाच्या जुड्या न रोवता तशाच तरंगत सोडाव्यात. जावा मॉस मिळाल्यास फारच उत्तम. टाकीचा निदान एक तृतीयांश पृष्ठभाग असा दाट असावा की आपले बोट सहज आत जाऊ नये. पिल्लू त्यात शिरते, मोठा मासा अडतो. शिवाय त्या पानांवर वाढणारे सूक्ष्म जीव हे पिल्लांचे पहिले खाद्यही होते. मात्र तळ्यातून आणलेली वनस्पती थेट टाकीत घालू नये. तिच्यातून चतुराच्या अळ्या येतात, आणि चतुराची अळी पिल्लांना आईपेक्षाही कसून टिपते. आठ-दहा दिवस वेगळ्या बादलीत ठेवून, रोज हलवून, धुऊन मगच ती वापरावी. वनस्पती मुळीच जगत नसतील, तर पक्क्या रंगाच्या कृत्रिम लोकरीचा वीतभर लांब झुबका करून, गरम पाण्यातून दोन-तीनदा काढून, बुचाला बांधून तरंगत ठेवावा. आमच्या सौभाग्यवतींच्या विणकामाच्या टोपलीतील उरलेली हिरवी लोकर अशी सत्कारणी लागली.

तिसरी गोष्ट, यंत्र. पाणी गाळणाऱ्या फिल्टरच्या तोंडाशी ओढ असते आणि पिल्ले तीत सापडतात. पुष्कळांना वाटते मोठ्या माशांनी पिल्ले खाल्ली. प्रत्यक्षात ती फिल्टरने ओढलेली असतात. त्या तोंडावर स्पंजचा तुकडा घट्ट बसवावा, किंवा हवेच्या पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टरच वापरावा.

एवढे केले तर मादीला हलविण्याची गरज सहसा पडत नाही. पुष्कळ पिल्ले हवी असल्यास मात्र पंधरा-वीस लिटरचे वेगळे भांडे करावे. त्यात निम्मे पाणी जुन्या टाकीतले घ्यावे, भरपूर झाडी घालावी आणि जुन्या टाकीत मुरलेला स्पंज फिल्टर ठेवावा. मादीला तेथे दिवस भरण्याच्या आठवडाभर आधी न्यावे, आणि तेही जाळीने न पकडता वाटीने, पाण्यासकट. अगदी शेवटच्या दिवसांत तिला घाबरविले तर अपुऱ्या दिवसांची पिल्ले होतात. माझ्याकडे झाले ते हेच. पिल्ले झाली की पिल्लांना तेथेच ठेवून तिला परत मोठ्या टाकीत सोडावे. प्लॅस्टिकच्या डबीचा उपयोग फार तर प्रसूती सुरू झाल्यावरच्या काही तासांपुरता.

आता खाणे आणि पाणी. पिल्ले पहिल्या दिवसापासून खातात आणि त्यांचे पोट लहान असल्याने दिवसातून तीन-चार वेळा, पण चिमटीच्या चौथाईने खातात. मोठ्यांचेच कोरडे खाद्य दोन बोटांत चोळून पीठ केले की पुरते. उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून देण्याची जुनी पद्धत आहे. परंतु त्याने पाणी फार लवकर नासते, आणि ज्या घरांत अंडे चालत नाही त्यांनी तेवढ्यासाठी नियम मोडण्याचे कारण नाही. आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्म जीवाची अंडी दुकानात मिळतात. लिटरभर पाण्यात सुमारे २५ ग्रॅम मीठ विरघळवून, हवेची नळी सोडून ठेवले, की एक-दीड दिवसात त्यांतून नारिंगी कणांसारखी पिल्ले निघतात. ती गोड्या पाण्यात धुऊन दिली असता माशांच्या पिल्लांचे अंग डोळ्यांदेखत भरते.

पिल्ले उपाशी मरण्यापेक्षा अति खाऊ घातल्याने अधिक मरतात. उरलेले अन्न कुजते, पाण्यात अमोनिया वाढतो आणि वरून स्वच्छ दिसणारे पाणी विषारी होते. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे. आमच्या इंदुरात नळाला नर्मदेचे पाणी येते. त्यातील क्लोरीन जाण्यासाठी ते उघड्या बादलीत २४ तास ठेवतो. घाई असल्यास दुकानात अँटिक्लोरिन मिळते, त्याचे दोन थेंब मोलाचे. आणि थंडी विसरू नये. या माशांना २४ ते २८ अंश उष्णता मानवते. माळव्यातील पौषाच्या रात्री टाकीचे पाणी त्याच्या पुष्कळ खाली जाते. आपोआप बंद-चालू होणारा हीटर तेथे चैनीची वस्तू नसून आवश्यकता आहे. वीज गेली तर टाकीभोवती जुनी रजई गुंडाळावी आणि त्या वेळी खाऊ घालू नये.

दिवाळीनंतर दुसऱ्या मादीला पिल्ले झाली. त्या वेळी आम्ही तिला हात लावला नाही. फक्त झाडी दाट केली. पहाटे नात आली ती हळूच, पाऊल न वाजविता. झाडीत किती आहेत हे मोजता येईना. तिसऱ्या दिवशी सतरा मोजली. तिने वहीत एक तक्ता आखला होता. महिन्याअखेर त्यात चौदाचा आकडा होता. तीन गेली. "सगळी का नाही वाचली?" असे तिने या वेळी विचारले नाही. एवढेच म्हणाली, "आजोबा, त्यांना आता तिच्या तोंडात मावायचं नाही, नाही का?" पिल्लू सुमारे दीड सेंटिमीटरचे झाले की धोका बहुतेक टळतो, हे तिने पाहूनच ओळखले होते.

मग दुसराच प्रश्न उभा राहिला. गणिताच्या शिक्षकाला शोभेल असा हिशेब मी तिला घातला. एका मादीला महिन्याला तीस पिल्ले, तर सहा महिन्यांत किती? एकशे ऐंशी. त्यांतील निम्म्या माद्या धरल्या, तर त्या दोन-तीन महिन्यांत स्वतःच आया होणार. आणि टाकी? ६० लिटरची, सुखाने वीस-पंचवीस मासे मावतील एवढी. तिचा चेहरा पडला, पण उपाय तिच्याकडे तयार होता, "जास्तीचे आपण सिरपूर तलावात सोडू. तिथे भरपूर जागा आहे."

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांना हे पुण्यकर्म वाटते. म्हणून स्पष्ट सांगतो, असे कदापि करू नये. गप्पी १९०८ साली डासांच्या अळ्या खाण्यासाठी आपल्या देशात आणला गेला आणि गंबुसिया १९२८ साली. आरोग्य खाते असे मासे ठरावीक हौदांत, साचलेल्या पाण्यात सोडीत आले आहे. तो त्यांचा जाणता निर्णय. पण तलावात हे परके मासे पसरले की तेथील लहान देशी माशांची अंडी-पिल्ले खातात, त्यांच्या खाण्यात वाटेकरी होतात. आमच्या सिरपूर तलावाचा समावेश २०२२ साली रामसर पाणथळ स्थळांच्या यादीत झाला, तो तेथील पाणपक्षी आणि मूळचे जलजीवन यांच्यामुळे. आपल्या घरातील पिल्ले वाचविण्याच्या भरात तेथली पिल्ले संपवावी, हे वात्सल्य नव्हे.

मग करावे काय? तीन-चार आठवड्यांनंतर पिल्ले नीट पाहावीत. नराच्या पोटाखालचा मागचा पंख बारीक काडीसारखा होऊ लागतो, मादीचा पंख्यासारखाच राहतो. तेव्हाच नर आणि माद्या वेगळ्या कराव्यात. जास्तीचे मासे दुकानदाराला द्यावेत. पुष्कळदा तो त्या बदल्यात खाद्याची पुडी देतो. आम्ही सहा दुकानात दिले, चार शेजाऱ्यांना. आणि प्रत्येक बाळंतपणात झाडी दाटच केली पाहिजे असे नाही. टाकीत जेवढ्यांना जागा, तेवढीच वाढू द्यावीत.

हे शेवटचे वाक्य मी नातीसमोर बोललो, तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. "म्हणजे कधी कधी आपण त्यांना वाचवायचं नाही?" तिने विचारले. मी म्हटले, "जेवढ्यांचं शेवटपर्यंत करता येईल, तेवढी वाचवायची." तिला ते पटले की नाही, मला ठाऊक नाही. संध्याकाळी मात्र ती वही घेऊन पुन्हा टाकीसमोर बसली. घरी उरलेल्या चार पिल्लांचा तक्ता तिने नव्या पानावर आखला, आणि त्याच्या वरच्या कोपऱ्यात, कोणी न सांगता, भाद्रपदात गेलेल्या त्या मादीसाठी एक मासा काढला.